मुलाचें ध्येय आणि मुलांची सभा

‘सर्वांशीं मिळून वागावें,’ ‘आजचें काम उद्यांवर टाकूं नये,’ असे सुविचार फळ्यावर लिहिण्याची चाल प्राथमिक शाळांतून फार जुनी आहे. मुलें तीं वाक्यें वळणदार अक्षरांत उतरवून घेतात आणि मधल्या सुटींत पाण्याच्या घागरीपाशीं ढकलाढकली करतात. यांत मुलांचा दोष नाहीं. नियम पाठ करून कोणी पोहावयास शिकत नाहीं. त्याचप्रमाणें चारचौघांत वागणें आणि संकल्प तडीस नेणें, हे गुण कृतीनेंच अंगीं बाणतात.

या कृतीला शाळेच्या वेळापत्रकांत स्थान देण्याचा मोठा प्रयत्न वर्धा येथें झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं तेथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. साडेपांच तासांच्या शाळेंत ३ तास २० मिनिटें हस्तोद्योगाला दिलेलीं होतीं.

टकळीचेंच उदाहरण घ्यावें. सूत फाळक्यावर गुंडाळलें कीं चार फुटांचा एक तार होतो. १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. एखाद्या मुलाचे आज ४० तार झाले, तर १६० फूट सूत निघालें, हें तो स्वतःच मोजतो. उद्यां ४५ तार काढीन, असें तो ठरवितो. हा संकल्प लहान आहे, मोजतां येण्याजोगा आहे, आणि तो पुरा झाला कीं नाहीं हें सांगण्यास गुरुजींची गरज नाहीं. सूत वारंवार तुटलें, तर पेळू ओला होता कीं हात घाईचा होता, याचा शोधही त्यालाच घ्यावा लागतो. अपयशाचें कारण शोधण्याची ही संवय म्हणजेच ध्येयशिक्षणाचें मर्म होय.

दुसरी बाजू सहजीवनाची. सेवाग्रामच्या शाळेंत मुलांची सभा भरे आणि सफाई, भोजन, आरोग्य अशा कामांसाठीं ती आपले मंत्री निवडी. मंत्रिपद म्हणजे मान नव्हे, जबाबदारी. सफाईमंत्र्यानें नुसता हुकूम सोडला तर झाडू कोणी हातीं धरीत नाहीं. विनंति करावी लागते, आधीं स्वतः झाडावें लागतें, आणि सभेपुढें हिशेब देतांना टीका शांतपणें ऐकावी लागते. नम्रतेचा धडा पुस्तकांत शिकविण्यापेक्षां हा मार्ग खचित अधिक परिणामकारक आहे.

परंतु या मार्गांत एक खांचही आहे. उद्योगाची आर्थिक बाजू वाढून शिक्षणाचा हेतु मागें पडेल, असा धोका झाकिर हुसेन समितीनें आपल्या अहवालांतच दाखविला होता. आंकडा मुलासाठीं न राहतां शाळेच्या उत्पन्नासाठीं किंवा तपासनिसाच्या समाधानासाठीं झाला, कीं ध्येयाची सक्ति होते. तसेंच वर्गांत सर्वांचे आंकडे एका फळ्यावर मांडले, तर ज्याचा हात मंद तो पहिल्याच आठवड्यांत हिरमुसतो. ४० वरून ४५ वर गेलेला मुलगा १०० तार काढणाऱ्यापुढें हरलेला ठरतो. वस्तुतः त्या दिवशीं जिंकला तो तोच.

टकळी नसलेल्या शाळेलाही हें सर्व साधण्याजोगें आहे. प्रत्येक मुलाला एक वही द्यावी. सोमवारीं त्यानें एकच संकल्प लिहावा. ‘चांगलें अक्षर काढीन’ असा मोघम नव्हे, तर ‘रोज पांच ओळी शुद्ध लिहीन’ असा नेमका. शनिवारीं काय झालें व काय अडलें हें त्यानेंच लिहावें. तुलना त्याच्या मागल्या आठवड्याशीं व्हावी, शेजारच्या मुलाशीं नव्हे. पाणी भरणें, वर्ग झाडणें, नव्या मुलास सोबत करणें हीं कामें पाळीपाळीनें सर्वांकडे यावींत. हुशार मुलांकडेच तीं राहिलीं, तर ज्याला शिकण्याची गरज तोच बाजूला पडतो.

श्रोत्यांपैकीं ज्यांचीं मुलें शाळेंत जातात, त्यांनीं संध्याकाळीं ‘कितवा नंबर आला?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘आज काय ठरविलें होतेंस आणि काय झालें?’ असें विचारून पाहावें. या प्रश्नाचें उत्तर देतां येणें, हेंच शिक्षणाचें पहिलें फळ.