गणपती कोणत्या पंचांगाचे?

२०२३ साली कोकणात टिळक पंचांग पाळणाऱ्यांच्या घरी गणपती आले २० ऑगस्टला, शेजारी १९ सप्टेंबरला! गणित मात्र कुणाचेच चुकले नव्हते बरे! चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरला की एक तिथी. ती दोघांचीही एकच. मालवणच्या मच्छीमाराला तर अमावास्या-पौर्णिमा समुद्राचे उधाणच सांगते. वाद आहे तो राशिचक्र कोठून मोजावे, याचा. टिळक पंचांग रेवतीतल्या तारेपासून मोजते, इतर बहुतेक चित्रेवरून. फरक सुमारे चार अंशांचा, म्हणजे सूर्याच्या चार दिवसांचा. त्या वर्षी १६ ऑगस्टच्या अमावास्येपूर्वीच टिळकांचा सूर्य सिंह राशीत शिरला. इतरांचा दुसऱ्या दिवशी, म्हणून त्यांचा महिना संक्रांतीवाचून ‘अधिक श्रावण’ ठरला. हल्ली हे गणित संगणक करतो, पण आरंभ कोठून धरायचा ते आपणच सांगावे लागते. सासुरवाशिणीला मोदकांना कधी बोलवायचे, ते त्यावर अवलंबून!