एका 'वर्ज्य'तून ४८४ राग

बंगळुरूतल्या एखाद्या तेलुगूभाषक घरातलं पंचांग उघडून पाहा. तिथी, नक्षत्र, राहुकाळ यांच्या जोडीला रोज आणखी एक वेळ छापलेली दिसेल: वर्ज्य. साधारण ४ घटका, म्हणजे ९६ मिनिटं. तेवढ्या वेळात शुभकार्य सुरू करायचं नाही. ही वेळ ठरते चंद्राच्या नक्षत्रावरून. अश्विनी असेल तर नक्षत्र लागल्यापासून ५० घटका उलटल्यावर, भरणी असेल तर २४ घटकांनंतर. नक्षत्र कधी ६० घटकांपेक्षा जास्त टिकतं, कधी कमी; त्या प्रमाणात वर्ज्यही लांबतं, आखडतं. मनाईसुद्धा चंद्राच्या चालीनं चालते!

हा शब्द आला कुठून? 'वृज्' या संस्कृत धातूपासून. वळवणं, पिळणं, उपटून घेणं हे त्याचे जुने अर्थ. ऋग्वेदात यज्ञासाठी दर्भ उपटून ठेवणाऱ्याला 'वृक्तबर्हिस्' म्हटलंय, तिथे हाच धातू आहे. ज्याच्यापासून तोंड वळवायचं ते वर्ज्य. इतरांपासून वेगळा काढला तो 'वर्ग'. आणि आता गंमत ऐका: कुणी 'आवर्जून या' म्हणतं, तेव्हाही बोलतो तो हाच धातू! आधी 'आ' लागला आणि तोंड फिरवण्याचं झालं आपल्याकडे वळवणं. ज्या मुळातून मनाई निघाली, त्याच मुळातून आग्रहही.

पण या शब्दाचा खरा पराक्रम संगीतात दिसतो. भीमपलास घ्या. आरोहात रे आणि ध वर्ज्य. वर जाताना त्यांना स्पर्शसुद्धा करायचा नाही. अवरोहात मात्र सातही स्वर हजर. वर जाताना बंद असलेली वाट उतरताना उघडी! कर्नाटक संगीतातला आभेरी आज गातात तोही असाच: चढताना पाच स्वर, उतरताना सात.

आता जरा आकडेमोड करू, कारण आश्चर्य तिथेच दडलंय. एका थाटात सात स्वर. सा वर्ज्य करता येत नाही, उरले सहा. काहीच वर्ज्य केलं नाही तर आरोहाचा प्रकार एकच. एक स्वर वर्ज्य केला तर ६ प्रकार, दोन केले तर १५; त्याहून जास्त या हिशेबात गाळायचे नाहीत. एकूण २२. अवरोहाचेही तसेच २२. कोणताही आरोह कोणत्याही अवरोहाशी जोडा: २२ गुणिले २२, म्हणजे ४८४. 'वर्ज्य' हा शब्दच नसता तर त्या थाटातून एकच आकृती निघाली असती. उरलेल्या ४८३ सगळ्या गाळण्यातून जन्मल्या. कर्नाटक पद्धतीतल्या ७२ मेळांना हाच हिशेब लावला की आकडा जातो ३४,८४८ वर. त्यातल्या बहुतेक आकृत्या कागदावरच राहतात हे खरं. राग होण्यासाठी रंजकता लागते, आणि ती गुणाकारातून येत नाही.

ती येते ती अशी. रामस्वामी दीक्षितरांनी म आणि ध वर्ज्य केले, पाच स्वर ठेवले, आणि हंसध्वनी उभा राहिला. त्यांचे पुत्र मुत्तुस्वामी यांची याच रागातली 'वातापि गणपतिम्' ही कृती मैफलीच्या आरंभी गायचा दक्षिणेत प्रघातच आहे. बंगळुरूतल्या चामराजपेटच्या रामनवमी संगीतोत्सवाला गेलात, तर हंसध्वनी कानी पडण्याची शक्यता दाट. पुढे भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी तो हिंदुस्थानी गायकीत रुजवला. गायकी बदलली, बंदिशी नव्या झाल्या, तंबोऱ्यामागचा सगळा संस्कार वेगळा. म आणि ध मात्र मुंबईतही वर्ज्यच राहिले.