तरंगनळीची भिंत

नांदेडकडून येणारा रस्ता हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक शाखा कळमनुरीवरून हिंगोलीस जाते. दुसरी उमरखेड, यवतमाळ करीत वर्ध्याकडे. वर्ध्यालगत सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयात कर्करोगावरील किरणोपचारासाठी देशी बनावटीचे रेषीय त्वरणयंत्र बसविण्यात आले. ते विकसित केले १९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘समीर’ या सूक्ष्मतरंग संशोधन संस्थेने. उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीस या यंत्राचा एक भाग कधीच पडत नाही. तो म्हणजे आतील धातूची पोकळ, आयताकृती नळी.

अशा यंत्रात सेकंदाला सुमारे ३०० कोटी आवर्तने करणारे सूक्ष्मतरंग या तरंगनळीतून तांब्याच्या पोकळ्यांच्या मालिकेत पोहोचतात व इलेक्ट्रॉनांना वेग देतात. हे इलेक्ट्रॉन धातूच्या लक्ष्यावर आदळले, की उपचाराचे क्ष-किरण निघतात. ऊर्जा वाहते ती नळीच्या पोकळीतून. तरंगांना आत कोंडून ठेवणारा विद्युतप्रवाह मात्र भिंतीत वाहतो, आणि तोही तिच्या अगदी आतल्या पृष्ठालगत.

याचे कारण असे की, बदलत्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्रही बदलत राहते. ते धातूत जे प्रतिप्रवाह निर्माण करते, ते मूळ प्रवाहाला खोलवर शिरू देत नाहीत. यालाच त्वचा-परिणाम म्हणतात. कंप्रता चौपट झाली, की शिरकाव निम्मा होतो. घरगुती विजेच्या ५० आवर्तनांना तांब्यात ही खोली सुमारे ९ मिलिमीटर असते, तर ३०० कोटी आवर्तनांना केवळ १.२ मायक्रॉन! एवढे अंतर आत जाताच प्रवाह ३७ टक्क्यांवर येतो. चौपट अंतरावर तो दोन टक्केही उरत नाही.

मग या कंप्रतेच्या प्रचलित नळीची भिंत दोन मिलिमीटर जाड कशाला? ती विजेसाठी नव्हेच. नळी वाकू नये, जोड घट्ट बसावेत, एवढ्यासाठी ती जाडी. विजेच्या दृष्टीने खरी भिंत आतल्या काही मायक्रॉनांचीच. म्हणून पितळेच्या नळीला आतून पाच मायक्रॉन चांदीचा मुलामा दिला, तरी प्रवाहाला जवळजवळ सगळी चांदीच भेटते. मुलामा नसल्यास पितळेत तांब्याच्या सुमारे दुप्पट ऊर्जा वाया जाते. बाहेरून चकाकी देण्याचा काहीच उपयोग नाही, हे खरेदी करणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

आतला गुळगुळीतपणा मात्र अत्यावश्यक. मायक्रॉनभर खोल ओरखडाही येथे मोठा ठरतो, कारण प्रवाहाला त्याच्या कडेने वळसा घ्यावा लागतो आणि वाट लांबली, की उष्णता वाढते. दोन नळ्यांच्या जोडात फट राहिली, तर तेथे ठिणगी पडण्याचाही संभव असतो.

भिंतीत मुरलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचत नाही, एवढ्यावरच हे थांबत नाही. तांबे तापून प्रसरण पावते. पोकळीचे तापमान एका अंशाने वाढले, तरी तिची स्वाभाविक कंप्रता सुमारे ५० हजार आवर्तनांनी घसरते, आणि पुरविलेल्या तरंगांशी तिचा मेळ बिघडू लागतो. त्यामुळे त्वरणनलिकेभोवती नियंत्रित तापमानाचे पाणी खेळवावे लागते.