पाळी आणणारी गोळी आणि गर्भधारणा



“माझी पाळी तीन तीन महिने येत नाहीं, मग मला दिवस कसे राहणार?” असें म्हणणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आढळतात. बीजांडकोशाच्या ज्या विकारास हल्लीं पीसीओएस म्हणतात, त्यांत हा समज विशेष दृढ असतो; आणि तोच पुष्कळदां घात करतो.

शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल या डॉक्टरांनीं १९३५ सालीं या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांनीं ७ स्त्रियांच्या बीजांडकोशांचा कांहीं भाग शस्त्रक्रियेनें काढला. सर्वांची पाळी सुरू झाली व दोघींना गर्भ राहिला. म्हणजे बीज सुटण्याची शक्ति नष्ट झालेली नसते, तिची वेळ तेवढी बिघडलेली असते. शिवाय बीज आधीं सुटतें आणि पाळी त्यानंतर सुमारें दोन आठवड्यांनीं येते. सबब पाळीची वाट पाहणाऱ्या स्त्रीला बीज सुटल्याची वर्दी वेळेवर मिळतच नाहीं.

आतां औषधांकडे वळूं. ‘हार्मोनची गोळी’ या एकाच नांवाखालीं भिन्न गुणांचीं औषधें येतात. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन यांची संयुक्त गोळी बीज सुटूं देत नाहीं. ती बिनचूक घेणाऱ्या १०० स्त्रियांत वर्षभरांत एकीलाहि दिवस राहणें विरळा. परंतु विसरत, चुकत घेतल्यास ही संख्या ७ च्या आसपास जाते. पाळीच्या पहिल्या ५ दिवसांनंतर गोळी सुरू केली, अथवा लागोपाठ दोन गोळ्या चुकल्या, तर पुढें सलग ७ दिवस गोळ्या घेऊन होईपर्यंत दुसरें साधन वापरावें. क्षयावरील रिफाम्पिसिन हें औषध तर या गोळीचा प्रभावच क्षीण करतें.

याउलट, थांबलेली पाळी आणण्यासाठीं पांच-दहा दिवस देतात ती प्रोजेस्टेरॉन वर्गांतील गोळी गर्भनिरोधक नव्हे. मेटफॉर्मिन हें तर हार्मोनच नाहीं. उलट त्यानें कित्येकींचें बीज पुन्हां सुटूं लागतें व गर्भाची शक्यता वाढते. अंगावरील लव कमी करण्यासाठीं स्पायरोनोलॅक्टोन चालू असतां गर्भ राहिला व तो मुलाचा असला, तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढींत दोष येण्याचें भय असतें. म्हणून त्याच्या जोडीला खात्रीचें गर्भनिरोधन हवेंच.

संयुक्त गोळी चालू असतां नकळत गर्भ राहिलाच, तर घाबरूं नये. तिनें बाळांत व्यंग येतें असें आढळलेलें नाहीं. शंका येतांच लघवीची तपासणी करावी, आणि गर्भ असल्यास गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावें. गोळ्यांच्या खंडांत होणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे. त्यावर विसंबूं नये.

चिठ्ठी हातीं पडली कीं संकोच न करतां डॉक्टरांस एकच प्रश्न विचारावा : “ही गोळी पाळीसाठीं आहे, कीं गर्भ टाळण्यासाठीं?” जिला मूल हवें आहे तिनें, आणि जिला तूर्त नको आहे तिनेंहि.