सिद्धगडाच्या वाटेवरचे स्मारक

३१ डिसेंबरची रात्र जागवणारे कल्याण-डोंबिवलीत काही कमी नाहीत. मुरबाड-कर्जतकडची बरीच मंडळी मात्र त्यापुढची रात्र जागवतात, तीही सिद्धगडाच्या जंगलात. २ जानेवारीला पहाटे गडाच्या वाटेवरच्या हुतात्मा स्मारकापाशी ज्योत पेटते आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील यांच्या नावाचा जयघोष होतो. १९४३ साली याच पहाटे दोघे इथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल मूळचे माथेरानचे. जन्म १ डिसेंबर १९१२ चा, घर नाभिकाचे, शिक्षण वकिलीचे. सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, वाड्यापाड्यांवर मुलांसाठी शाळा चालवल्या. ‘चले जाव’नंतर भूमिगत झालेल्या भाईंना रानात आसरा मिळत राहिला तो याच कामाच्या पुण्याईवर. नुसती भाषणे ऐकून कोणी पोलिसांशी वैर पत्करत नाही.

त्यांच्या आझाद दस्त्याने लक्ष्य नेमके निवडले: घाटाखालच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईला वीज नेणारे मनोरे.

महायुद्ध ऐन भरात होते आणि मुंबईच्या गिरण्या-कारखाने सरकारला अखंड चालू हवे होते. दस्त्याची माणसे रात्री निघत आणि मनोऱ्यांचे लोखंडी पाय करवतीने कापत. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात एकामागून एक मनोरे आडवे झाले, शहराचा वीजपुरवठा विस्कळीत झाला. डोक्यावरून तारा जाणाऱ्या कित्येक खेड्यांत तेव्हा रॉकेलच्या चिमण्याच होत्या, हेही ध्यानात घ्यायला हवे.

अखेर खबर फुटली. हॉल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पोलीस तुकडीने तळ घेरला. मानिवलीचे तरुण हिराजी पाटील गोळीबारात पडले. भाई जखमी झाले होते. हॉलने त्यांना जवळून गोळी घातली. वय अवघे तीस.

दादरला प्लाझासमोरच्या वीर कोतवाल उद्यानात बसणाऱ्या किती जणांना हे कोतवाल कोण ते ठाऊक असेल, शंकाच आहे. सिद्धगडाला जायचे तर कल्याणहून मुरबाड, म्हसा, नारिवली असा रस्ता आहे. म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. जाणे त्या सुमारास झाले, तर वाटेत बैलांचा आणि घोंगड्यांचा बाजारही पाहून होतो.