खर्रा तोंडातच थांबत नाही

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या एमआयडीसीत पाळी सुटली की पानठेल्यावर गर्दी होते. पन्नीवर भरडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना टाकायचा, पन्नी दुमडायची आणि सगळं एकजीव होईस्तोवर घोटायचं. पुडी खिशात जाते आणि दिवसभर थोडी थोडी गालात. वऱ्हाडात पोटाच्या कर्करोगांपासून बचावाबद्दल लिहायचं, तर हळदीच्या दुधाआधी या पुडीबद्दल लिहायला हवं.

खर्रा म्हटलं की तोंडाचा कर्करोग आठवतो. पण पचनसंस्था तोंडापासूनच सुरू होते, आणि कितीही थुंकलं तरी खर्ऱ्याचा रस थोडाफार गिळला जातोच. चघळायच्या तंबाखूमुळे तोंडासोबत अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचाही कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सांगितलं आहे. याच संस्थेनं 2004 मध्ये नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली. त्यामुळे ‘तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी’ यात सुटका नाही. सुपारीनं गालाचं आतलं अस्तर ताठरतं आणि तोंड उघडेनासं होतं. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर त्याच आठवड्यात दंतवैद्य गाठावा.

गुटखाबंदी 2012 मध्ये आली. तरी 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले 24.4 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते, म्हणजे जवळपास चारातला एक. सोडायची इच्छा असेल तर 1800-112-356 या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. एकट्यानं झुंजण्यापेक्षा ते बरं.

नांदगाव पेठहून नागपूर रस्त्यानं पुढं गेलं की तुकडोजी महाराजांची गुरुकुंज मोझरी लागते. महाराजांनी खंजिरी हाती घेऊन गावोगाव व्यसनांविरुद्ध जागर केला. 11 ऑक्टोबर 1968 ला ते गेले, ते कर्करोगानंच. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. चांगल्या सवयींनी धोका घटतो, हमी मिळत नाही. म्हणून आजारी माणसाला ‘तू काय खात होतास?’ असं विचारून त्याचं दुःख वाढवू नये.

दारूचं गणितही सोपं आहे: तोंड, अन्ननलिका, यकृत आणि मोठं आतडं, चारही ठिकाणी ती धोका वाढवते. सोबत तंबाखू असली तर तोंड आणि घशाचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. यकृताच्या कर्करोगामागे हिपॅटायटिस बी हेही मोठं कारण, आणि त्यावर लस आहे. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत पहिला डोस मिळाला का, हे आजीनंच दवाखान्यात विचारावं. बुरशी धरलेले शेंगदाणे आणि मका निवडून, धुऊन खायचे नसतात, टाकून द्यायचे असतात. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन शिजवूनही पुरतं जात नाही.

जेवणाच्या बाबतीत वऱ्हाडाकडे जुनी शिदोरी आहे. शेतात सोयाबीन आलं आणि ज्वारी मागं पडली, तशी ताटातली भाकरीही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम तंतू असतात, आणि रोजच्या आहारात दहा ग्रॅम तंतू वाढले की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी दिसतो. पण ज्वारीचाच हट्ट नको. कोंड्यासकट दळलेला गहूही तितकाच चांगला. खरा तोटा मैद्याचा. सोबत तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, एखादा पेरू किंवा संत्रं असलं की झालं. पोटाचा घेर वाढू देऊ नये आणि रोज अर्धा तास भरभर चालावं. मोटारसायकल आल्यापासून शेतापर्यंतचं चालणंही सुटलं आहे.

एक गोष्ट मात्र फार खटकते. शौचावाटे रक्त आलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून लोक महिनोन्महिने मलम लावत बसतात. बहुतेकदा ती मूळव्याधच निघते, पण ते तपासून ठरवायचं असतं. चाळिशीनंतर रक्त जाणं, घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, कावीळ किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण, यांपैकी काहीही दिसलं तर पेरणी उरकायची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं आणि त्यांनी सांगितली तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये.