बर्फावरच्या पाळण्यांचा जमाखर्च

स्कीइंग हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी सिनेमातच पाहिलेला असतो. पायांना लांब फळ्या, हातांत काठ्या आणि बर्फाच्या उतारावरून वाऱ्यासारखे खाली येणे, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. परंतु खाली आलेला मनुष्य पुन्हा वर कसा जातो, हे सिनेमात कोणी दाखवत नाही. या खेळातला मोठा पैसा आणि अलीकडे मोठी भांडणे याच प्रश्नाभोवती आहेत. पर्यटन भूगोलाच्या प्रकल्पासाठी ‘स्की-केंद्रांवरील लिफ्टची वाढ’ हा विषय माझ्या वाट्याला आला, तेव्हा वर्गात हशा पिकला. बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा, हीच आम्हा सर्वांची बर्फाची व्याख्या! पण वाचता वाचता लक्षात आले की हा विषय बर्फाचा कमी आणि रांगेचा जास्त आहे. आणि रांग म्हटली की आपण कोणीच परके नाही.

पूर्वी स्की करणारे फळ्या खांद्यावर घेऊन पायी डोंगर चढत. दिवसभरात दोन-तीन उतार झाले तरी पुष्कळ. १९३४ साली स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे एर्न्स्ट कॉन्स्टाम या अभियंत्याने फिरत्या दोराला आडवे दांडे टांगले. त्यांना टेकून माणूस बर्फावरून घसरतच वर ओढला जाऊ लागला. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, अमेरिकेतील आयडाहो राज्यात सन व्हॅली येथे खुर्च्यांची लिफ्ट आली. ती कल्पिणारा जेम्स करन हा युनियन पॅसिफिक रेल्वेचा अभियंता. जहाजात केळ्यांचे घड चढवणारे फिरत्या आकड्यांचे यंत्र त्याला ठाऊक होते. त्याने घडाच्या जागी खुर्ची टांगली. आज जगभर कोट्यवधी रुपयांना विकली जाणारी ही यंत्रे मुळात केळ्यांच्या हमालीतून जन्मली, हे मला फार आवडले.

आता रांगेचे गणित. कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास कोणालाही करता येईल. मी गणितात जेमतेमच आहे.

समजा, दीड किलोमीटर लांबीची लिफ्ट आहे. चार जणांची खुर्ची दर सहा सेकंदांनी येते. म्हणजे मिनिटाला दहा खुर्च्या, चाळीस माणसे. जुन्या पद्धतीत खुर्ची तारेला कायमची घट्ट बसवलेली असते. माणूस बसताना तिचा फटका बसू नये म्हणून सारी तारच हळू, सेकंदाला अडीच मीटर वेगाने, फिरवावी लागते. वर पोहोचायला दहा मिनिटे लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी चारशे माणसे हवेत लटकलेली. उतारावरून खाली यायला आठ मिनिटे लागतात असे धरले, तर तीनशे वीस माणसे उतारावर. त्या दिवशी एकंदर आठशे माणसे आली असतील, तर उरलेली ऐंशी खाली रांगेत. प्रत्येकाला दोन मिनिटे उभे राहावे लागेल.

नव्या लिफ्टमध्ये खुर्चीची पकड स्थानकात तारेपासून सुटते. खुर्ची वेगळ्या रुळावर हळू सरकते, माणसे सुखाने बसतात, मग पकड पुन्हा तार धरते. त्यामुळे तार दुप्पट वेगाने पळवता येते. प्रवास पाच मिनिटांचा होतो. आपल्याला वाटेल, रांग निम्मी झाली. पण खुर्ची अजून दर सहा सेकंदांनीच येते आहे! मिनिटाला माणसे चाळीसच. फरक इतकाच की हवेत आता चारशेऐवजी दोनशे माणसे आहेत. उतारावर पूर्वीचीच तीनशे वीस. मग राहिलेली दोनशे ऐंशी कुठे? खाली रांगेत. दोन मिनिटांची रांग सात मिनिटांची झाली. बसून काढलेला वेळ आता उभ्याने काढायचा. वेग वाढवला आणि रांग लांबली, हे मला दोनदा आकडेमोड केल्याशिवाय पटले नाही.

मग केंद्राचे मालक म्हणतात, चारऐवजी सहा जणांची खुर्ची बसवू. मिनिटाला साठ माणसे. आता रांगेत फक्त वीस उरतात आणि सगळे खूष. परंतु उतारावरची माणसे मोजा : साठ गुणिले आठ, चारशे ऐंशी. त्याच उतारावर दीडपट गर्दी. रांग मोडली नाही, ती डोंगरावर पसरली. पायांना फळ्या बांधून वेगाने उतरणारी माणसे दाटीत एकमेकांवर आदळू शकतात. खालच्या रांगेत फार तर धक्काबुक्की होते. शिवाय रांग नाही हे कळल्यावर दुसऱ्या वर्षी आठशेची हजार माणसे येणार, ते वेगळेच.

हे केवळ वहीतले गणित नाही. अमेरिकेतील युटा राज्यात पार्क सिटी या गावी २०२२ मध्ये यावरच वाद झाला. तेथील स्की-केंद्र चालवणाऱ्या व्हेल रिसॉर्ट्स कंपनीला एक सहाआसनी लिफ्ट आठआसनी करायची होती, आणि दुसरीकडच्या दोन जुन्या लिफ्ट काढून सहाआसनी लावायची होती. नगराच्या नियोजन विभागाने परवानगी दिली. त्याविरुद्ध चार रहिवाशांनी अपील केले. डोंगराची सुखाने माणसे सामावण्याची क्षमता कंपनीने कशी मोजली आणि वाढीव माणसांच्या मोटारी कुठे उभ्या राहणार, हे त्यांचे मुद्दे होते. जून २०२२ मध्ये नियोजन मंडळाने परवानगी मागे घेतली. आणलेली यंत्रसामग्री कंपनीने कॅनडातील व्हिस्लर येथे वापरली. डोंगरावरचा पाळणा अडला तो गावातल्या पार्किंगपाशी!

याचा अर्थ लिफ्ट वाढवणे म्हणजे नुसता तोटा, असा कोणी काढू नये. जुनी यंत्रे बंद पडतात, माणसे थंडीत तासन्‌तास अडकतात. नवी लावण्यात सुरक्षितता आहे. आणि आल्प्सच्या दऱ्यांमधील लोकांचे पूर्वीचे जिणे वाचले की त्यांना ‘निसर्ग राखा’ म्हणून उपदेश करण्याची हिंमत होत नाही. टायरॉलमधील गरीब शेतकऱ्यांची लहान मुले एकेकाळी दर वसंतात डोंगर ओलांडून जर्मनीतल्या बाजारांत जात आणि हंगामापुरती मजूर म्हणून ठेवली जात. आज त्याच मुलुखात तरुणांना घराजवळ काम मिळते, त्यात लिफ्टचा मोठा वाटा आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे मोल सांगायला नको.

खर्चाच्या बाजूला मात्र पाणी येते. आल्प्समधील पुष्कळ केंद्रे आता नैसर्गिक बर्फावर विसंबत नाहीत. गोठवणाऱ्या थंडीत पाण्याचे तुषार उडवून बर्फ करतात. एक हेक्टर उतारावर फूटभर थर द्यायचा, तर ढोबळ मानाने दहा लाख लिटर पाणी लागते. आपल्या हिशेबाने दहा हजार लिटरचे शंभर टँकर. हे पाणी नाहीसे होत नाही, वसंतात बरेचसे वितळून ओढ्याला मिळते. पण ते उपसले जाते हिवाळ्यात, जेव्हा डोंगरातले ओढे सर्वांत बारीक असतात. लिफ्ट वाढली की उतार वाढतात, आणि उतार वाढले की हे टँकरही वाढतात.

दुसरी गोष्ट आयुष्याची. लिफ्ट एकदा उभारली की तीसएक वर्षे चालवावी लागते, तेव्हा तिचा खर्च निघतो. तोवर बर्फ पडेल का? फ्रान्समध्ये जुरा डोंगरातील मेताबिफ या केंद्राने २०३० ते २०३५ च्या सुमारास उतारावरचे स्कीइंग थांबेल असे धरूनच योजना आखली, आणि नव्या मोठ्या लिफ्ट घेण्याऐवजी असलेल्या दुरुस्त करून चालवण्याचे ठरवले. धंदा चालू असताना त्याच्या शेवटाचा हिशेब मांडायला धैर्य लागते, असे मला वाटते.

ऑस्ट्रियातील पिट्झ्टाल खोऱ्यात तर प्रश्न थेट मतपेटीत गेला. पिट्झ्टाल आणि शेजारचे ओट्झ्टाल यांच्या हिमनद्यांवरील स्की-केंद्रे नव्या लिफ्टनी जोडण्याची योजना होती. सुमारे ६४ हेक्टर नवे उतार तयार व्हायचे होते. विरोधाच्या अर्जावर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या; त्यातले बहुतेक अर्थातच खोऱ्याबाहेरचे. पण जुलै २०२२ मध्ये सेंट लिओनहार्ड या तिथल्याच गावाने जनमत घेतले. बाजूने ३४८ मते पडली, विरुद्ध ३५३. पाच मतांनी योजना बारगळली. बाहेरच्या लाखांनी नव्हे, गावातल्या पाच जणांनी ती थांबवली. पण ज्या ३४८ जणांना तीत आपल्या मुलांची नोकरी दिसत होती, त्यांचेही काही चुकले असे म्हणवत नाही.

आपल्याकडे गुलमर्ग आहे. काश्मीर सहलीला जाणारी मराठी मंडळी ज्या ‘गोंडोला’त बसून फोटो काढतात, तो हाच रोपवे. पहिला टप्पा, गुलमर्ग ते कोंगडोरी, १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा, तेथून अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत, २००५ मध्ये. दुसऱ्या टप्प्याने माणूस सुमारे ३९५० मीटरवर जाऊन पोहोचतो. या टप्प्यानेच गुलमर्गचे नाव जगातल्या स्की करणाऱ्यांच्या तोंडी गेले, आणि त्याच टप्प्याने हिमकडे कोसळणाऱ्या उतारांवर माणसे सहज नेऊन सोडली. त्यामुळे कडे कधी कोसळतील याची पाहणी आणि बचाव पथक हाही लिफ्टचाच खर्च धरावा लागतो. जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्यात झाड तारेवर पडून सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत पर्यटकांबरोबर स्थानिक वाटाडेही होते. जानेवारी २०२४ मध्ये तिथे बर्फच नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. तरी गोंडोला थांबत नाही, कारण त्यात बसणारे बहुतेक जण स्की करणारे नसतातच. ते वरून पाहायला जातात. गुलमर्गचा पाळणा बर्फाविना चालेल. पण लाकडी घसरगाडीवर पर्यटकांना बसवून ओढणाऱ्याचा धंदा बर्फाविना बसतो, आणि खिलनमर्गपर्यंत पर्यटक नेणाऱ्या घोडेवाल्याला पाळण्याशीच स्पर्धा करावी लागते. जमाखर्च मांडताना ही दोन माणसे कोणत्या रकान्यात घालायची, यावर माझा प्रकल्प चार दिवस अडून होता.

अडण्याला कारण आहे. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘पर्वतमाला’ या नावाने देशभर रोपवे उभारण्याची योजना जाहीर झाली, तेव्हापासून आमच्या देवीच्या डोंगरावरही रोपवे होणार अशी बोलणी आहेत. मोजणीवाले दोनदा येऊन गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आणि ती चढता आली ती देवीच्या पायऱ्यांमुळे. निम्म्या वाटेवर, जिथे माणसे दम खायला थांबतात, तिथे आईचे नारळ, ओटी आणि लिंबूसरबताचे दुकान आहे. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना देवी दिसावी असे तिलाही वाटते. माझ्या आजीला शेवटची सहा वर्षे डोंगर चढता आला नाही, खालूनच हात जोडावे लागले.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला मी हे रांगेचे गणित समजावून सांगितले. आठशे माणसे, सहा सेकंद, सारे काही. तिने नारळ सोलता सोलता ऐकून घेतले आणि विचारले, “आन्‌ मग आपली रांग कुठं लागंल? खाली का वर?”

स्थानके कुठे होणार, हे अजून ठरलेले नाही.